दलदलीपलीकडचा सूर

फेन्ने लग्न होऊन दलदलीपलीकडच्या मळ्यात गेली, त्याच वर्षी काखेत गाठ येणारा आजार आला, आणि थंडी मात्र आली नाही. एरवी नाताळच्या सुमाराला दलदल गोठायची आणि माणसं तिच्यावरून चालत जायची. यंदा नुसता चिखल. पाऊल टाकलं की कमरेपर्यंत आत.

तिच्या बापाला, वोल्टरला, लेकीची खबर घ्यायला एकच साधन उरलं होतं, शिंग. बर्च झाडाचं वाकडं खोड उभं चिरून, पोखरून, पुन्हा बांधलेलं. दिवसभर विहिरीत भिजत ठेवलं की लाकूड फुगून त्याच्या फटी बंद होत. मग तिन्हीसांजेला विहिरीच्या तोंडावर धरून फुंकायचं, ते नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांपासून नाताळनंतर बाराव्या दिवशी येणाऱ्या तीन राजांच्या सणापर्यंत. इकडून सूर गेला की पलीकडून जावई लुडेके उत्तर द्यायचा. त्याचा दम बैलासारखा.

नाताळच्या दिवशी उत्तर आलं ते पातळ, आणि तिसऱ्या सुरापाशी तुटलं. वोल्टरने शिंग खाली ठेवलं. बाईने शिंग फुंकायचं नसतं, पण फेन्ने लहान असताना त्यानेच तिला गंमत म्हणून शिकवलं होतं. ती तिसऱ्या सुरापाशी दम घ्यायची.

त्याची बायको गेसे दारात उभी होती. म्हणाली, "जावईबापू आज उपाशी दिसतात."

"सर्दी झाली असेल."

"तुम्हाला झाली होती तेव्हा तर तुमच्या फुंकण्याने आपली गुरं उधळली होती."

त्याने शिंग उचलून पुन्हा विहिरीत सोडलं. ती आत गेली.

मग रोज तोच पातळ सूर. शिंगातून काही विचारता येत नव्हतं. नवरा गेला का, घरात पीठ आहे का, तुझ्या काखेत काही लागतं का. तो फुंकायचा, ती फुंकायची, एवढंच. वोल्टर दोनदा दलदलीत उतरला. दुसऱ्यांदा शेजारच्या हिलबर्टने दोर टाकून त्याला ओढून काढलं आणि पायात एकच जोडा बघून म्हणाला, जोडा तरी पोचला म्हणायचा.

तीन राजांच्या सणाला ती दोनदा अडखळत शेवटच्या सुरापर्यंत आली. त्यानंतर शिंग फुंकलं तर गावावर अरिष्ट येतं, अशी सगळ्यांची समजूत. या वर्षी तरी कुणी आगळीक करू नये, असं हिलबर्ट घरोघर सांगून गेला होता.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला वोल्टरने शिंग विहिरीतून काढलं. गेसेने अडवलं नाही. ती कठडा धरून उभी राहिली. त्याने फुंकलं. पलीकडून काही आलं नाही. पुन्हा फुंकलं.

"आपली फेन्ने रीत मोडायची नाही," गेसे म्हणाली. "तुम्हीच दटावून दटावून शिकवलंय."

"हो."

"म्हणून गप्प आहे ती."

"म्हणूनच असेल."

हिलबर्ट तणतणत कुंपणापर्यंत आला, त्या दोघांकडे बघून थांबला आणि परत गेला.

तीन आठवड्यांनी थंडी पडली. वोल्टर बर्फावरून पलीकडे गेला. मळ्यात कुणी नव्हतं. दोघांना माती देणाऱ्या पाद्र्याने त्याला दिवस सांगितले. लुडेके नाताळच्या आदल्या दिवशी वारला. फेन्ने तीन राजांच्या सणानंतर चौथ्या दिवशी वारली.