जात्याच्या पलीकडची बाई

रहमतबी गेली त्याला चार महिने झाले, आणि साखरा गावच्या शालूबाईला एका सकाळी चूल पेटवताना कळलं, की आपल्याला तिचा आवाज आठवेना. चेहरा आठवत होता. पानानं रंगलेले दात, भांडतानाचे हातवारे, सगळं होतं. आवाज तेवढा गेला. भिंतीला भिंत लागून घरं, चाळीस वर्षं एकाच जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात, आणि चार महिन्यांत विसरायचं? तिनं स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. दुसऱ्या कुणाला हासडणार? नवरा कधीच गेलेला. लेक जालन्याला कारखान्यात. रहमतचा आतिफसुद्धा आईचा चाळिसावा उरकून, दाराला कुलूप ठोकून हिंगोलीला राहायला गेला होता. दिवसभरात तिच्याशी बोलायला कोंबड्या तेवढ्या उरल्या होत्या.

मग तिला ती माणसं आठवली. बारा वर्षांमागं पुण्याच्या एका संस्थेचे तिघं आले होते, जात्यावरच्या ओव्या मशीनमध्ये भरून न्यायला. आम्ही जपून ठेवू, म्हणाले होते. आता म्हणायला काय जातं हो, लोक काहीही म्हणतात. तरी शालूबाई पदर खोचून ग्रामपंचायतीत गेली. तिथं संगणकावर दाखले काढून देणारी संगिता बसते. पोरगी तोंडानं फटकळ, पण मनानं लाख.

"व्हय मावशी, डिजिटल लायब्ररी म्हनतात त्याला," संगिता म्हणाली. "जुनी पुस्तकं, फोटो, गाणी, समदं नेटवर ठेवतात. कुठं बसूनबी बघा. नाव सांगा."

"रहमतबी. रहमतबी चाँद पाशा."

एकही नोंद निघाली नाही. संगितानं नाव उलटसुलट लिहून पाहिलं. नाही म्हणजे नाहीच. मग तिनं शालूबाईचं नाव टाकलं, तर धडाधड अकरा ओव्या निघाल्या. गाव, तालुका, तारीख, सगळं बराबर. गाणारी: शालूबाई. एकटीच.

शालूबाईनं कपाळाला हात लावला. हा घोळ त्या दोघींनीच घालून ठेवला होता. त्यांच्यात रीतच तशी होती. दळण जिचं, त्या दिवशीच्या ओव्या तिच्या. दुसरी नुसती सोबतीला. पुण्याच्या बाईनं गाणाऱ्यांची नावं विचारली, तेव्हा रहमतच आधी बोलली होती, "शालूचं लिवा. ज्वारी तिची हाय. माझं दळण उद्या." उद्या कुठला यायला! ते लोक त्याच संध्याकाळी निघून गेले.

"नावाचं ऱ्हाऊ द्या, आवाज तर ऐका," म्हणत संगितानं एक ओवी लावली.

संगणकातून एका बाईचा आवाज आला, भरदार, जरासा खरखरीत. शालूबाई ताडकन उठली. "हीच! अगं बाई, हीच माझी रहमत!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

पुढचे तीन दिवस ती रोज गेली. दाखल्यांसाठी आलेली माणसं कुरकुरायची. "थांबा की वाईच, काय गाडी सुटून राहिली का तुमची?" म्हणून ती त्यांनाच गप्प करायची. घरी येताना वाटेनं एकटीच बोलत यायची. कोंबड्यांना सुट्टी मिळाली.

चौथ्या दिवशी संगितानं सहज विचारलं, "मावशी, ह्यो सोनाजी कोन? घडीघडी येतो ओवीत."

"माझा भाऊ," शालूबाई म्हणाली, आणि मग तिचं तिलाच उमगलं.

रहमत सोनाजीला काहून गाईल? तिला पाठचा भाऊच नव्हता. भावाची ओवी आली की ती पहिली ओळ टाकायची आणि दुसरी शालूला जोडू द्यायची. तीन दिवस जिच्यासाठी रडलो, ती बाई आपण स्वतःच होतो! स्वतःचा आवाज माणसानं बाहेरून कधी ऐकलेला असतो का? पण शालूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग ती कुठं हाय गं?" तिनं विचारलं. "तिच्या वळी कुठं गेल्या?"

संगितानं खालची बारीक अक्षरं वाचून दाखवली. ऐकायला सोपं जावं म्हणून आवाज स्वच्छ केला होता. जात्याची घरघर आणि मागचे आवाज काढून टाकले होते. मागचे आवाज! गाणारी म्हणून माइक शालूबाईच्या पदराला लावला होता, आणि पलीकडची रहमत मशीनला मागचा आवाज वाटली होती.

"कचरा हाय व्हय ती, झाडून टाकायला?" शालूबाई एवढ्यांदा ओरडली की बाहेरचे लोक आत डोकावले. "लाव त्यांना फोन!"

पुण्याच्या संस्थेत फोन प्रतिक्षा नावाच्या मुलीनं घेतला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "आजी, चूक आमची झाली," ती म्हणाली. "पण मूळ रेकॉर्डिंग आम्ही कधीच पुसत नाही. जसंच्या तसं तीन ठिकाणी जपून ठेवतो. आज पाठवते. आणि नोंदीत नाव कसं घालू?"

"रहमतबी घाला. माझ्या आधी घाला. आन् दळण माझं व्हतं म्हनून ती मागं ऱ्हायली, हेबी लिवा."

दुपारी फाइल आली. संगितानं खोलीचं दार लोटून घेतलं. आधी नुसती घरघर ऐकू आली. मग त्या घरघरीच्या पलीकडून, लांबून, बारीक आवाज आला, नाकातून निघणारा, शेवटाला वर चढणारा:

"सेनगावच्या वाटंनं, कोन येतंय लांबून..."

शालूबाईला सगळा आवाज एका क्षणात परत आठवला. आपण हा विसरलो कसा, तेच तिला कळेना. ओळ संपली. तिनं सवयीनं श्वास घेतला, तोंड उघडलं. तेवढ्यात संगणकातल्या शालूनं ओळ उचलली:

"भाऊ माझा सोनाजी, उभा लिंबाशी थांबून!"

रहमतनं पुढची ओळ टाकली. म्हातारीनं पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा ती बारा वर्षांपूर्वीची शालू पुढं धावली. असं पाचसहा वेळा झालं. रहमत तिलाच साद घालत होती, तिच्यासाठीच थांबत होती. त्या दोघींचं दळण मजेत चाललं होतं. इथं प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या बाईचं तिथं कुणाला काही काम नव्हतं.

"संगे, त्या पोरीला परत फोन लाव."

"आता काय ऱ्हायलं मावशी? सापडली ना रहमतबी?"

"सापडली." शालूबाईनं पदरानं नाक पुसलं. "तिला म्हनाव, तुमाला आवाज काढता येतो ना, मग आता माझा काढा. तेवढ्या जागेत मी म्हनते."