ते बघ, विमान!

आपल्याकडे घरातून कुणी बाहेरगावी निघालं, की घरातलंच एक माणूस लहान पोराला काखेत मारून परसात नेतं. तिकडे "ती बघ कोंबडी, ती बघ पिल्लं" चालू होतं आणि इकडे जाणारा पिशवी उचलून पुढच्या दाराने सटकतो. पोर मागे लागू नये, रडून आकांत करू नये, एवढाच हेतू. तुमच्याकडे हे होतं, आमच्याकडेही होतं, आणि यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. किन्हवलीच्या पल्लवीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

ही २००६ सालची गोष्ट. पल्लवी आणि तिचा नवरा महेंद्र दोघंही बंगलोरला नोकरीला. एका खोलीचा संसार, दोघांच्या शिफ्टच्या ड्युट्या, पोरीला सांभाळायला कुणी नाही. म्हणून लेक पौर्णिमा, लाडाची पुनू, वर्षाचीही नव्हती तेव्हा तिला सासूकडे, चंद्राबाईकडे, किन्हवलीला ठेवली. पुनू आजीच्या अंगाखांद्यावर वाढली. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आजीबरोबर बांधावर बसली, विहारात वंदना चालू असताना तिच्या मांडीवर झोपली. पल्लवी अधूनमधून यायची, आठवडाभर राहायची. निघायच्या दिवशी चंद्राबाई नातीला कोंबड्या दाखवायला न्यायची आणि शहापूरची एसटी वळणाआड गेली की घरात आणायची.

पुनू शाळेच्या वयाची झाली, बंगलोरला दोन खोल्यांचं घरही मिळालं. मे महिन्याच्या शेवटी दोघं तिला न्यायला आले. विमानाचा प्रवास स्वस्त झाला होता, म्हणून महेंद्रने हौसेने विमानाची तिकिटं काढली होती. चंद्राबाई पोरीचे कपडे भरत होती आणि भरताना एकेक फ्रॉक मांडीवर घेऊन बसत होती. मध्येच ती सुनेला म्हणाली, "पल्ले, मी तिला सांगते, मी येत नाय म्हनून. रडंल, पन माझ्याच कुशीत रडंल."

पल्लवीला ते पटलं नाही. पोरगी रात्रभर रडेल, विमानतळावर लोकांसमोर लोळण घेईल, ती आजीला सोडणारच नाही, असं तिने सासूला समजावलं. आजीही येतेय असंच तिला सांगायचं आणि शेवटी नजर चुकवायची, असं ठरवून टाकलं. चंद्राबाईचा जीव तुटत होता. पण पोरगी सुनेची, आपण कोण अडवणार, असं म्हणून ती पुन्हा कपडे भरू लागली.

भाड्याच्या जीपमधून सगळे मुंबईच्या विमानतळावर आले. वाटभर पुनू आजीच्या मांडीवर होती आणि विमानात आपण दोघी खिडकीत बसायचं, असं तिला बजावत होती. आजी हो हो म्हणत होती. दारापाशी महेंद्रने पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि आभाळाकडे बोट केलं, "पुनू, ते बघ, विमान!"

पुनूने वर पाहिलं. चंद्राबाई जीपच्या मागे जाऊन खाली बसली आणि हुंदका ऐकू येऊ नये म्हणून तिने पदर तोंडात कोंबला. पुनूने मान वळवली तेव्हा आजी तिथे नव्हती.

विमानात त्या पोरीने जो आकांत मांडला, तो काय सांगायचा! पट्टा लावू देईना, अंगाला हात लावू देईना, आजी आजी करून तिचा घसा बसला. मागच्या रांगेतला एक जण चुकचुकला. पोरांना वळण लावता येत नाही तर विमानात आणतात कशाला, असं एका बाईने शेजारणीला ऐकवलं. हवाई सुंदरीने चॉकलेट दाखवलं, रंगीत चित्रं दाखवली. महेंद्र पलीकडच्या सीटवरून वाकून किल्ल्या वाजवत होता. पण कुणी "इकडे बघ बाळा" म्हटलं, की पुनू एका हाताने डोळे झाकायची, दुसऱ्या हाताने आईचं मनगट पकडायची आणि आणखीच जोरात किंचाळायची. शेवटी शरमेने आणि संतापाने पल्लवीने तिच्या गालावर चापट मारली.

पोर आणखीच रडू लागली. पल्लवीच्याही डोळ्यांतून पाणी आलं. खिडकीशी बसलेल्या बाई मघापासून हे पाहत होत्या. त्यांचं नाव मालूबाई, मुरबाडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, लेकाकडे निघाल्या होत्या. या मायलेकींची बोली त्यांनी लगेच ओळखली होती. त्यांनीही आधी तेच केलं होतं. "ये, इथे बस, ढग बघ" म्हणून खिडकी देऊ केली होती, आणि पोरगी किंचाळली होती. आता त्या हळूच म्हणाल्या, "मुली, एक विचारू? हिला काही दाखवून हिचं माणूस कुणी नेलंय का?"

पल्लवीला आधी राग आला. पण मग तिने खालमानेने सगळं सांगितलं. जीपमागे लपलेल्या आजीचं, आणि त्याआधीच्या कोंबड्यांचंही.

"मग ती हट्ट करत नाहीये," मालूबाई म्हणाल्या. "काही बघायला मान वळवली की माणूस नाहीसं होतं, एवढं तिला कळलंय. आता तूच तिच्यापाशी उरली आहेस. म्हणून ती कुठे बघायला तयार नाही आणि तुझा हात सोडत नाही."

"पण आधी सांगितलं असतं तर किती रडली असती, बाई."

"रडली असती. आजीच्या गळ्यात पडून रडली असती, आजीने पाठीवरून हात फिरवला असता. आता कुणाच्या गळ्यात पडून रडेल? खरं सांग, ते रडणं तिला सोसणार नव्हतं की आपल्याला बघवणार नव्हतं?"

 पल्लवीने पोरीला मांडीवर घेतलं. खेळणं नाही, खाऊ नाही, काही दाखवलं नाही. "पुनू, आजी येणार नाय. आजी किन्हवलीला परत गेली. ती तुला सांगणार होती, मीच नको म्हटलं. मी चुकले गो."

पुनूने रडणं थांबवून आईच्या तोंडाकडे पाहिलं. "तू पन जाशील?"

"कामाला जाईन. पण तुला सांगून जाईन. तू रडलीस तरी सांगून जाईन."

मग पुनू रडली, पण आईच्या छातीवर डोकं टेकून रडली. बंगलोर येईपर्यंत मनगट काही तिने सोडलं नाही.

वाचकहो, एवढ्यावर सगळं निभावलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मोडलेला विश्वास इतक्या सहज सांधत नाही. त्याच संध्याकाळी नव्या घरात पुनू कपाटामागे वाकून पाहू लागली, अंथरुणाची घडी उलगडून पाहू लागली. पल्लवीने फोनवर सासूला हे सांगितलं तेव्हा चंद्राबाई म्हणाली, "तू हितून बंगलोरला गेल्यावर पन दर टायमाला ती असंच शोधायची गो. तुला वाईट वाटंल म्हनून कधी बोलले नाय." 

दर रविवारी चंद्राबाई शेजारच्या इंद्रजीतच्या घरी फोनपाशी येऊन बसायची. पण पुनू फोन कानाला लावायची नाही. आजीचं नाव काढलं की टेबलाखाली जाऊन बसायची. पल्लवी तिला परत परत सांगे की आजीला लपायला मीच लावलं. पोर ऐकून घ्यायची आणि पुन्हा टेबलाखाली जायची. तिकडे चंद्राबाई म्हणायची, "नको तिच्या मागं लागू. तिचा राग खरा हाय. लपले तर मीच ना." असं म्हणून ती फोन ठेवायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायची.

भातकापणीच्या सुमारास चंद्राबाईने अंथरूण धरलं. शहापूरच्या डॉक्टरांनी घरी नेऊन सेवा करा म्हणून सांगितलं, आणि तिघंही मिळेल त्या विमानाने निघाले. घर माणसांनी भरलं होतं. पुनू उंबऱ्याशी दिसताच चंद्राबाईची नणंद काशी पुढे झाली. लहान पोरीने हे बघू नये, कुणीतरी तिला परसात न्या, कोंबड्या दाखवा, असं ती म्हणू लागली.

"नाही!" पल्लवी इतक्या जोरात म्हणाली की सगळे वळून पाहू लागले. "आता तिला कोंबड्या दाखवायच्या नाहीत." मग खाली बसून तिने लेकीला सांगितलं, "पुनू, आजी खूप आजारी आहे. आता बरी होणार नाय. तुला भेटायचंय तिला. जाशील?"

पुनू अंथरुणाशी गेली. चंद्राबाईने डोळे उघडले. इतक्या महिन्यांनी पुनू आजीशी पहिल्यांदा बोलली. "आजी, तू जानार?"

"हो गो. जानार."

"लपून नको जाऊस."

"नाय गो माझे बाय. सांगतेय ना तुला. जाते."

पुनू तिच्या कुशीत शिरली आणि रडली. चंद्राबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मे महिन्यात जे व्हायला हवं होतं, ते आत्ता होत होतं. मधले सगळे रविवार मात्र वाया गेले होते, आणि ते पल्लवीला आता कुणी परत देणार नव्हतं. ती दाराला टेकून पदरात तोंड लपवून रडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्राबाई गेली. पोरं रडली की आपण ओरडतो, नाहीतर फसवतो. पण लोकहो, रडणं हा काही गुन्हा नव्हे. माया असते तिथेच मूल रडतं. त्याला खरं सांगा, कुशीत घेऊन रडू द्या, आणि जाताना त्याच्या डोळ्यांदेखत जा. चार माणसांत होणारी आपली शोभा दोन घटकांची असते. पोराच्या मनाला बसलेला धसका मात्र कधी जाईल ते कुणी सांगू शकत नाही.

अंत्यविधी आटोपून, विहारात वंदना करून माणसं परतल्यावर काशीने पुनूला जवळ घेतलं आणि आजी गावाला गेलीय, येईल हं, असं सवयीने सांगितलं. घर आजीच्या वस्तूंनी भरलेलं होतं, पण पुनूने कुठल्या फडताळामागे पाहिलं नव्हतं की अंथरुणाची घडी उलगडली नव्हती. तिने काशीच्या तोंडाकडे पाहून मान हलवली.

"नाय," पुनू म्हणाली. "आजी मेली. मला सांगून गेली."