बोर्डांच्या वतीने अर्ज

त्या हॉलात शिरणाऱ्या प्रत्येक बाईच्या मनगटाला पट्टा बांधावा लागे. पट्ट्याला वायर, आणि वायरीचं दुसरं टोक टेबलाखालच्या अर्थिंगला. माणूस चालला, खुर्चीत हलला, कापडाला कापड घासलं की अंगावर बारीकशी वीज साठते. माणसाच्या ती गावीही नसते, पण सर्किट बोर्डावरच्या चिमुकल्या चिपचा तेवढ्यानं निकाल लागतो. थोरलीनं कामाच्या पहिल्याच दिवशी मुकादमाला विचारलं होतं, "हे बांधलं की आम्हाला शॉक बसत नाही ना?"

"तुम्हाला नाही हो बाई," मुकादम म्हणाला होता, "तुमच्यापासून बोर्डाला बसू नये म्हणून आहे ते."

इथं कोणाला कोणापासून जपायचं असतं, हे तिला त्याच दिवशी कळायला हवं होतं. ते कळलं मात्र बरोब्बर अकरा वर्षांनी.

थोरली म्हणजे दोन जावांमधली थोरली. हॉलातही तिला सगळ्या त्याच नावानं हाक मारत, कारण शेजारच्या सतरा नंबरच्या टेबलावर तिची धाकटी जाऊ बसायची. धाकटीला इथं चिकटवलं थोरलीनंच. दिराची समजूत काढली, सासूबाईंचे रुसवे काढले, मुकादमाच्या मागं लागून लागून त्याचा जीव नकोसा केला. "सावलीतलं काम आहे, बसून करायचं आहे, आणि मी आहे ना शेजारी," असं तिनं सगळ्या घरादेखत सांगितलं होतं. त्यामुळं दुसऱ्या वर्षी धाकटी खोकायला लागली, जिन्याच्या मधल्या पायरीवर टेकायला लागली, तेव्हा थोरलीला ते आपल्याच अंगावर आल्यासारखं झालं. घरात कोणी तिला बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

खोकला कशाचा, हे सांगायला डॉक्टर नको होता. बोर्डावर जोड बसवायच्या सोल्डरच्या तारेत राळ असते. तार तापली की राळेचा धूर निघतो आणि वाकून काम करणारीच्या नाकात जातो. हा धूर बाहेर ओढणारा एक पंखा भिंतीत होता, तो बिघडला म्हणून काढून नेला, तो नेलाच. मौज अशी, की या बायका जे बोर्ड करत ते आग लागल्याची वर्दी देणाऱ्या भोंग्यांचे. जरा कुठं धूर झाला की तो भोंगा कानठळ्या बसवतो आणि माणसांचे जीव वाचवतो. तयार भोंगे मात्र मागच्या खोलीत नेऊन तपासत. या हॉलात तपासले असते तर ते वाजायचे थांबलेच नसते.

थोरलीचं अक्षर चांगलं होतं, भाषाही बरी होती. तिनं अर्ज केला, की धुरामुळे आम्हा बायकांचे डोळे चुरचुरतात, छाती भरते, तरी पंखा बसवावा. उत्तर आलं, "नोंद घेण्यात आली आहे." दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं, "भरपूर पाणी प्यावे." तिसऱ्या अर्जानंतर दोन माणसं शिडी घेऊन आली. हॉलात आनंदीआनंद झाला. त्यांनी पंख्याच्या रिकाम्या भोकावर एका हसऱ्या बाईचं भलंमोठं चित्र चिकटवलं, खाली 'आरोग्य आपल्याच हाती', आणि शिडी घेऊन गेली.

त्याच आठवड्यात एका बोर्डावर पिवळट डाग सापडला.

काय तारांबळ उडाली म्हणून सांगावं! पाच साहेब धावत आले. ज्याच्या दारावर 'दर्जा' अशी पाटी होती आणि ज्याला बायका दर्जासाहेब म्हणत, तो तर अर्धा घास टाकून आला. पांढरे हातमोजे घालून बोर्डाला उताणं केलं, पालथं केलं, सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. "कधीपासून आहे? आणखी कोणाला आहे?" दर्जासाहेबाचा आवाज चक्क कातर झाला होता. धाकटी शेजारी तोंडाला रुमाल लावून खोकत होती. तिच्यामुळं सूक्ष्मदर्शक हलतो म्हणून एका साहेबानं तिला जरा लांब सरायला सांगितलं.

थोरली हे सगळं बघत होती. सुटी झाल्यावर तिनं चौथा अर्ज लिहिला, आणि त्यात माणसाचा म म्हणून येऊ दिला नाही. "सोल्डरचा धूर बोर्डांवर बसत असून त्यामुळे बोर्डांचे आयुष्य कमी होत आहे. तरी बोर्डांवर धूर राहणार नाही अशी व्यवस्था व्हावी."

मंजुरी दुसऱ्या दिवशी आली, ती पण लाल शाईत 'तातडीचे' असा शेरा मारून. आठ दिवसांत पंखा बसणार होता.

मग त्या आठ दिवसांत थोरलीच्या लेखणीला उसंत मिळेना. मोडक्या खुर्च्यांनी सगळ्यांच्या पाठी धरल्या होत्या. थोरलीनं लिहिलं, "खुर्ची डुगडुगल्याने सांधा कच्चा बसतो व बोर्ड दुखावतो." तिसऱ्या दिवशी बत्तीस नव्या खुर्च्या आल्या. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एकीला भाचीच्या लग्नाला रजा मिळत नव्हती. थोरलीनं लिहिलं, की लग्न चुकलं तर मन थाऱ्यावर राहणार नाही, मन थाऱ्यावर नसलं की बोटांना घाम येतो, आणि घामातलं मीठ बोर्डांना अत्यंत घातक आहे. दोन दिवसांची रजा मागितली होती, साहेबानं चार दिली. बायका हसून हसून बेजार झाल्या. हॉलात थोरलीचा भाव इतका वधारला, की मुकादमसुद्धा हळूच येऊन आपला एक अर्ज लिहून घेऊन गेला.

"जाऊबाई, तुम्ही वकील व्हायच्या होतात," धाकटी म्हणाली.

"वकील नाही गं. मी बोर्डांची आई झालेय," थोरली म्हणाली, आणि तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पंखा आला. भिंतीत नव्हे, टेबलांच्या पलीकडच्या कडेला, बोर्डांच्या बरोबर उंचीवर एक लांबलचक पट्टीसारखा पंखा बसवला. कळ दाबली. बोर्डांवरचा धूर भुर्रकन उडाला आणि थेट समोर बसलेल्या बायकांच्या तोंडावर आला. आधी निदान तो वाटेल तसा भरकटायचा, आता नेम धरून यायला लागला.

"अहो, हा आमच्या नाकातोंडात जातोय!" थोरली ओरडली.

पंखा बसवणाऱ्यानं खिशातून तिचाच अर्ज काढला. "बोर्डांवर धूर राहता कामा नये, असं लिहिलंय. बघा बरं, राहतोय का?"

राहत नव्हता. बोर्ड आरशासारखे लख्ख झाले, दर्जासाहेबाला वरून शाबासकी आली आणि धाकटीची पार दशा झाली. एक वाक्य सलग बोलणं तिला जमेना. थोरलीनं घरादेखत जबाबदारी घेतली होती आणि आता आपल्याच अक्षरानं या पोरीचा श्वास कोंडला होता. पण चटक लागलेली लेखणी स्वस्थ बसते होय? तिला वाटलं, एवढं एकदा बोर्डांच्या नावावर साहेबाच्या गळी उतरवलं की झालं.

"माझं नाव नका घालू हो," धाकटी धापा टाकत म्हणाली.

"नाव कशाला घालू? फक्त टेबलाचा नंबर घालते."

पंख्यासाठी पाचवा अर्ज गेला, "समोरून येणाऱ्या धुराने टेबल क्रमांक सतरावर खोकला होत असून त्याचे तुषार बोर्डांवर उडत आहेत. तरी पंख्याची दिशा बदलावी." उत्तर अर्ध्या तासात आलं. कारखान्याच्या इतिहासात एवढ्या झटपट उत्तर कोणाला मिळालं नव्हतं. "ज्या टेबलावर खोकला होत असेल तेथील कर्मचाऱ्यास बोर्डांपासून तत्काळ दूर करून घरी पाठवावे. खोकला थांबल्याचा दाखला आणल्यावर फेरविचार करण्यात येईल." खाली दर्जासाहेबाची ऐसपैस सही.

धाकटीनं मनगटाचा पट्टा सोडला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि गेली.

थोरली तडक दर्जासाहेबाच्या खोलीत शिरली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, फाईल काढली आणि तोंड भरून कौतुक केलं. "बाई, बोर्डांची इतकी कळकळ असलेली बाई मी पाहिली नाही. बोला, काय झालं बोर्डांना?"

"काही नाही झालं. बोर्ड ठणठणीत आहेत. माझी जाऊ आजारी आहे."

साहेबानं फाईलची पानं मागं-पुढं केली. "तिचा उल्लेख नाही कुठं."

"आता करते. तिला धुरानं खोकला झालाय. तिला काढू नका, पंखा फिरवा."

"पण बाई, पंखा फिरवला तर बोर्डांचा काय फायदा?"

"फायदा माझ्या जावेचा आहे."

"मग ते माझ्याकडे येत नाही."

"कोणाकडे येतं?"

साहेबानं खरोखर मनापासून विचार केला. छताकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं. "ते मलाही बघावं लागेल," तो म्हणाला. त्याला माहीतच नव्हतं, आणि इतक्या वर्षांत त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

थोरली जागेवर येऊन बसली. शेजारची रिकामी खुर्ची तिला बघवेना. मग तिनं तोंडावर हात धरला आणि खोकली. चांगलं खणखणीत खोकली आणि पलीकडच्या बाईकडे टक लावून पाहिलं. ती बाई आधी गोंधळली, मग भिंतीवर डकवलेला साहेबाचा नवा हुकूम तिला दिसला आणि तिची ट्यूब पेटली. तीही खोकली. मग तिच्या पुढची, मग मागची ओळ. भाचीच्या लग्नाहून परत आलेली तर अशी खोकायला लागली, की तिला रजेचे चारही दिवस फेडायचे असावेत. पाच मिनिटांत एकतीस बायका खोकत होत्या.

मुकादम पळत गेला आणि साहेबाला घेऊन आला. "काय चाललंय हे? संध्याकाळी गाडी भरायचीय!"

"घरी पाठवा ना सगळ्यांना," थोरली म्हणाली, "तुमचीच सही आहे."

साहेबानं भिंतीवरची सही पाहिली, न झालेल्या बोर्डांचे ढीग पाहिले. सगळ्यांना घरी पाठवलं तर गाडी रिकामी जाणार, नाही पाठवलं तर सही खोटी पडणार. कोणाचा खोकला खरा आणि कोणाचा खोटा, तेही त्याला उमगेना. शेवटी तो मुकादमाला म्हणाला, "फिरवा तो पंखा. भोक मोकळं करा. आणि त्या सतरा नंबरवालीला फोन लावा."

हसरी बाई भिंतीवरून फाटून खाली आली. चार स्क्रू काढले, चार बसवले, पंखा उलटा झाला आणि धूर मुकाट भोकातून बाहेर जायला लागला. सगळ्या कामाला दहा मिनिटं लागली. पाच अर्ज गेले होते त्यापायी! बायकांनी टाळ्या पिटल्या. एकेकीचा खोकला थांबत गेला. चार-पाच जणींचा मात्र थांबेना. त्या एकमेकींकडे बघून हसत होत्या आणि खोकत होत्या. मग त्यांचं हसणं थांबलं.

तासाभरानं धाकटी परत आली. तिनं पट्टा बांधला, खुर्ची ओढली आणि आज पहिल्यांदा थोरलीकडे बघून हसली. "जाऊबाई, बास आता. जिंकलात तुम्ही, पुरे करा नाटक."

थोरलीनं थांब म्हणून हात वर केला. तिला थांबायचं होतं. तिनं ओठ घट्ट मिटून पाहिले, पाण्याचा घोट घेऊन पाहिला. डोळ्यांतून पाणी आलं, छातीतून शीळ निघाली, पण खोकला काही तिचं ऐकेना. पुढची उबळ आली तेव्हा तिनं आधी तोंड बाजूला वळवलं, समोरच्या बोर्डावर काही उडू नये म्हणून. धाकटीनं तो बोर्ड उचलून लांब सारला आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"इकडे बघा," ती म्हणाली. "कधीपासून आहे हे?"