शांतवनचा पहिला माईक

मित्रांनो, डोळे नसलेला, हात नसलेला आणि केवळ एका कानाच्या बळावर जगलेला मी एक जुना माईक आहे. मला दिसत नाही, ही गोष्ट आरंभीच नीट ध्यानात ठेवा. माझ्या सुखाचे आणि माझ्या मत्सराचेही मूळ तिच्यातच आहे. निर्जीव वस्तूला मत्सर कसा वाटेल, अशी शंका कोणी काढील. मी त्याला उलट विचारतो: ज्याच्या कानात वर्षानुवर्षे एकाच माणसाचा आवाज मुरला, आणि मग तो आवाज काढून दुसऱ्याला दिला गेला, त्याला दुसरे काय वाटावे?

कारखान्यातले दिवस फारसे सांगण्याजोगे नाहीत. अनेक अनोळखी माणसांनी माझ्यापुढे 'हॅलो, हॅलो' केले. त्यांपैकी एकालाही माझ्याशी काही बोलायचे नव्हते. पुढे श्रीरामपूरच्या एका लहानशा रेडिओ केंद्राने मला विकत घेतले. तिथल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गोधड्या लावल्या होत्या. शब्द त्यांत मुरून जात, म्हणून मला त्या कळल्या. केंद्राचे प्रमुख रंगनाथभाऊ स्वतःच यंत्र चालवीत, स्वतःच खोली झाडीत आणि स्वतःच सर्वांना रागावत.

चर्चच्या गायनात आवाज तयार झालेला शांतवन साळवे हा तरुण निवेदक म्हणून तिथे आला. पहिल्या दिवशी तो कागदावरून घडाघडा वाचू लागला, तेव्हा रंगनाथभाऊंनी यंत्रच बंद केले.

"अरे, वाचतो काय? ऐकणाऱ्याला दिसत न्हाई, शांतवन. तुझ्या डोळ्यांपुढं जे हाय, ते तोंडानं सांग."

हा उपदेश त्याने अक्षरशः पाळला. इतर निवेदक आवाजाची चाचणी घेताना आकडे मोजतात. शांतवन मला समोरचे जग सांगे. "कपात चहा हाय. वर साय आलीय. सायीवर माशी बसावं का न बसावं याचा विचार करतीय. बसली! गेला चहा." त्या वेळी प्रक्षेपण सुरू झालेले नसे. मित्रांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. कार्यक्रम सर्व श्रोत्यांसाठी होता, परंतु चाचणीतली ती वाक्ये केवळ माझी होती. त्या माशीला माझ्याखेरीज कोणीही ओळखत नव्हते.

केंद्राकडे तेव्हा मी एकटाच होतो. म्हणून बाहेरच्या कार्यक्रमांनाही मलाच नेत. काष्टीच्या आठवडे बाजारात शांतवन एका खिल्लारी बैलाच्या शिंगांचे वर्णन करीत असता त्या बैलाने मला ढुशी दिली. मी मातीत पडलो. शांतवनने मला उचलले आणि हसत हसत सांगितले, "मंडळी, बैलाला आमचा कार्यक्रम पसंत पडलेला नाही!" त्या प्रसंगानंतर माझ्या डोक्यावरच्या जाळीतून वारा थोडा वेगळा वाजू लागला. माझे रूप त्यामुळे कसे झाले, हे मला कळण्याचा मार्ग नव्हता.

त्याच बाजारामुळे आम्हाला दगडाबाई मिळाल्या. काष्टीत राहणाऱ्या या वृद्ध बाईंची दृष्टी गेलेली. त्यांनी केंद्रावर फोन करून सांगितले, "बैलाची शिंगं मला दिसली रं बाबा!" तेव्हापासून दर गुरुवारी त्यांचा फोन येऊ लागला.

मग दूरचित्रवाणीची एक मंडळी आली. गावोगावच्या अंगणांत बायकांचे खेळ घ्यायचे, जिंकणारीला पैठणी द्यायची, असा त्यांचा 'अंगणातला डाव' नावाचा कार्यक्रम होता. त्यांना सूत्रसंचालक हवा होता. शांतवन गेला. केंद्रावर नवा निवेदक आला, त्याच्यासाठी नवा माईक आला, आणि माझी तार काढून मला कपाटावर ठेवण्यात आले.

बाहेरच्या खोलीत टीव्ही होता. त्यातून शांतवनचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचे. त्याच्याबरोबर शर्टाच्या बटणाला काहीतरी घासल्याचा बारीक आवाजही येई. रंगनाथभाऊ कोणाला तरी म्हणाले, "कॉलर माईक म्हणत्यात त्याला. बोटाच्या पेराएवढा. छातीवर लावत्यात."

छातीवर! मी एवढी वर्षे त्याचा श्वास ऐकला, आणि त्या पेराएवढ्या उपऱ्याला त्याचे हृदय ऐकायला मिळावे? लहान असणे हा गुण आहे काय? नवे असणे हे कर्तृत्व आहे काय? शिवाय चाचणीची वाक्येही आता त्यालाच मिळत असणार, या विचाराने माझी जाळी आतून तापे.

सर्वांत अधिक जळफळाट होण्याचे कारण निराळेच होते. जी सवय माझ्यापुढे घडली, तिच्यावर तो उपरा मिरवत होता. शांतवन टीव्हीवरही समोरचे सर्व सांगत असे: "सविताताईंच्या तोंडातला चमचा थरथरतोय. लिंबू डावीकडं कललं, सावरलं! आणि जयाताई, पदर खोचा, पायात येतोय!" मी कपाटावर पडल्या पडल्या ती शर्यत पाहत असे. होय, पाहत असे. हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो.

आणि एके दिवशी ते सांगणे थांबले. संगीत वाजे, टाळ्या वाजत, बायका किंचाळत, शांतवन फक्त "वा!" म्हणे. माझ्यापुढे अंधार झाला.

एका गुरुवारी रंगनाथभाऊंनी त्याला मुद्दाम बोलावून घेतले. चित्रीकरण जवळच होते, त्यामुळे तो तिथूनच तसाच आला. बटणाला घासणारा तो आवाज मी लगेच ओळखला. उपरा छातीवर बसून माझ्या घरात आला होता.

"मुका का झाला रं?" रंगनाथभाऊंनी विचारले.

"आरती मॅडम निर्मात्या हायेत ना, त्या म्हणत्यात, लोकांना दिसतंय, तुम्ही कशाला सांगता? सवय सोडा, न्हाईतर पुढच्या भागांना दुसरा माणूस बघू. काम जाईल, भाऊ."

"हं. बस. फोनची वेळ झालीय."

फोन आला. रंगनाथभाऊंनी तो सर्वांना ऐकू येईल असा लावला.

"रंगनाथभाऊ, दगडाबाई बोलतीय. तुमचा शांतवन आजारी हाय का?"

"न्हाई बा. का?"

"मंग बोलत का न्हाई? शेजारच्या राहीबाईच्या घरी जाते मी टीव्ही ऐकाया. आधी लिंबू कुठं चाललं ते समदं कळायचं. आता नुसत्या टाळ्या. कोण पडलं इचारलं, तर राहीबाई म्हणती, गप बसा आत्या, बघू द्या! मी आता जातच न्हाई."

शांतवनची खुर्ची सरकली. माझ्या मनात आले, आता तो मला उचलील. त्याची पावले कपाटाकडे न येता टेबलाकडे गेली, आणि तो फोनला जोडलेल्या नव्या माईकपुढे बसला. मित्रांनो, त्या क्षणी जिल्ह्यात माझ्याहून दुःखी वस्तू नव्हती.

"दगडाआत्या, शांतवन बोलतोय. बसा निवांत. मी खोलीत हाय. समोर रंगनाथभाऊ हायेत, नाक पुसत्यात, पण सर्दी झाल्याचं सोंग करत्यात. भिंतीला गोधड्या, एक उसवलीय. आणि कपाटावर आमचा जुना माईक हाय. काळा. डोक्याची जाळी एका अंगानं आत गेलीय, काष्टीच्या बैलानं ढुशी दिली ना, तीच. तिरकी टोपी घातल्यासारखा दिसतो. लई धूळ बसलीय त्याच्यावर."

मी स्वतःला प्रथमच पाहिले. आणि पाहिले ते माझ्या दोन वैऱ्यांना, त्या उपऱ्याला आणि नव्या माईकला, सांगितलेल्या शब्दांतून.

"धूळ बसलीय?" दगडाबाई कडाडल्या. "मंग पूस की, मुडद्या! सांगत काय बसलास!"

शांतवन खळखळून हसला. तो उठून आला आणि शर्टाच्या टोकाने त्याने मला पुसले. पुसताना तो छातीवरचा उपरा माझ्या चेपलेल्या जाळीवर 'टक्' असा आपटला. मला त्यातून शांतवनच्या काळजाचे दोन ठोके ऐकू आले. तेवढे मला पुरले, असे मी म्हणणार नाही, पुरले नाहीत.

"भाऊ," तो म्हणाला, "मी सांगणार. काढलं तर काढू द्या."

पुढच्याच भागात लिंबू पुन्हा डावीकडे कलले, आणि मला दिसले. आरती मॅडम त्याला काढणार की ठेवणार, ते अजून ठरलेले नाही. काढले तर तो माझ्यापुढे येईल, अशी आशा मला वाटते. आणि काढू नये, असेही वाटते, कारण दगडाबाई पुन्हा राहीबाईंच्या घरी जाऊ लागल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी ऐकणारी वस्तू किंवा ऐकणारे माणूस कोपऱ्यात असेल. त्याला गप्प बसवू नका. समोर काय चालले आहे, ते दोन वाक्यांत सांगा. आणि त्याच्यावर धूळ दिसली, तर दगडाबाईंनी शांतवनला काय सांगितले, ते आठवा. माझ्यावर ती पुन्हा बसू लागली आहे.