लिंबातला अंगठा

"हात धू सुगंधाबाई, अन् बस पोरीजवळ," रुखमा म्हणाली.

सुगंधाबाई उंबऱ्यातच थबकली. उजव्या अंगठ्यावर पोखरलेलं लिंबू टोपीसारखं चढवलेलं होतं. भाताच्या रोवणीच्या चिखलात दिवसभर हात राहिले की गावात कुणाला ना कुणाला नखुरडं होतंच. शहाऐंशीच्या त्या पावसाळ्यात ते नेमकं गावच्या दाईला झालं. कडुलिंबाचा शेक झाला, हळद झाली. नखाच्या कडेचा पू काही हटेना, ठणका खांद्यापर्यंत जायचा.

"मी नाई बसत. माही सून बसन, मी सांगन."

मागे उभ्या सुनेची, चंदाची पाचावर धारण बसली. घरात कोंबडी कापायची म्हटलं तरी ही पोर शेजारी पळायची.

आत रुखमाची सून सीता कळा देत होती. नदीला पूर, गडचिरोलीची एस.टी. बंद. रुखमा भडकली.

"बांधावरून भांडण झालं, त्याचा राग काढून राह्यली काय? माह्या लच्छूले तुयाच हातानं काढलं ना!"

सुगंधाबाईनं लिंबू काढलं आणि अंगठा तिच्यापुढे धरला. हिरवट, टरारलेला.

"हे लागू देऊ नाळेले? दायांच्या शिबिरात नर्सबाईनं सांगतलं हाय, पिकल्या बोटानं लेकराले शिवाचं नाई. लेकरू हातचं जाते."

रुखमा दारातून बाजूला सरली. नाही म्हणताना सुगंधाबाईलाही सोपं गेलं नव्हतं. निम्म्या गावाला पहिला हात तिचाच लागला होता आणि तिला त्याचा ताठा होता. का नसावा? पाचवीला हळदीच्या पाण्यानं दाईचे हात धुवायचे, हा गावचा मान. सासू गेल्यापासून तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेला नव्हता.

तिनं चंदाची नखं मुळापर्यंत कापायला लावली, कोपरापर्यंत साबण घासायला लावला आणि मगच तिला आत नेलं.

डोकं बाहेर आलं तेव्हा नाळ गळ्याभोवती होती. चंदा थिजली. सुगंधाबाईचा हात आपसूक पुढे गेला. अर्ध्या वाटेतून तिनं तो मागे ओढला आणि मांडीखाली दाबून त्यावरच बसली. ठणक्यानं डोळ्यांत पाणी आलं.

"बोट घाल नाळेखाली. वढू नको. सैल कर अन् डोस्क्यावरून काढ."

"मले नाई जमत, आत्या!"

"जमते! कोंबडी नाई थे, लेकरू हाय!"

चंदानं डोळे मिटले, पुन्हा उघडले, बोट घातलं. नाळ डोक्यावरून सुटली. थोड्या वेळानं लेकरू असं काही रडलं की बाहेर ओसरीवरून लच्छू दाराशी धावला. रुखमाही रडली. सुगंधाबाई मात्र मांडीखालचा हात काढायलाच विसरली होती.

पूर ओसरल्यावर ती एस.टी.नं गडचिरोलीला गेली. डॉक्टरांनी नख काढलं. नवं येईल, पण वाकडं येईल, म्हणाले.

पाचवीला रुखमानं अंगणात ताट मांडलं, हळदीचं कोमट पाणी आणलं. बाया भोवती बसल्या. झालंगेलं विसरून ती सुगंधाबाईपुढेच वाकली.

"हात दे."

सुगंधाबाईनं पट्टीतला हात पदराखाली घेतला आणि दुसऱ्या हातानं चंदाला पुढे ढकललं.

"ज्या हातानं लेकरू झेललं, थे धू."

"पण दाई तर तू..."

"धू म्हणलं ना."

चंदाच्या हातांवरून पिवळं पाणी ताटात पडू लागलं. इतकं वाईट वाटेल असं सुगंधाबाईला वाटलं नव्हतं. पाणी संपलं. चंदा ओले हात लुगड्याला पुसणार, तोच सुगंधाबाईनं ते धरले. आपल्या पदराच्या टोकानं, डाव्या हातानं, तिनं सुनेचं एकेक बोट कोरडं केलं, नखांच्या कडासुद्धा.