आधी आलेली माफी

उजवा हात पाठीमागे दुमडून टिटिलिया घरी एकट्या डाव्या हाताने पडद्यावरचा चेंडू अरुंद बोगद्यातून नेत होती. नजर वर, हात खाली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही असंच असतं. फिजीतल्या सुवाच्या त्यांच्या हॉस्पिटलात सरावाची महागडी यंत्रं यायची चिन्हं नव्हती, तेव्हा तिने जुन्या बाजारातून स्वस्तातला व्हिडिओ गेम आणून तरुण डॉक्टरांचा वर्ग सुरू केला. सगळ्यांत आधी शिकवलं ते मैत्रिणीला, केलेराला. दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या. आता पुढच्या शिक्षणाला ब्रिस्बेनला एकालाच पाठवणार होते. ज्याने वर्ग उभा केला त्यालाच, असं मोठे सर्जन म्हणाले होते.

बाहेर कोणीतरी खाकरलं. दारात केलेराचे काका, मागे गावातली वडीलधारी माणसं आणि शेवटी खाली मान घातलेली केलेरा. काकांच्या हातात देवमाशाचा दात होता.

टिटिलियाचे बाबा लगबगीने चटईवर येऊन बसले.

“आमच्या मुलीचं तुमच्या मुलीशी चुकलं,” काका गुडघे टेकून म्हणाले. “तिने काय केलं ते...”

“अहो, पोरीपोरींचं कसलं ऐकायचं!” बाबांनी दात घेतलासुद्धा. अपराध ऐकण्याआधी माफ करणं हे त्यांच्या मते घराण्याचं मोठेपण. ओंजळीच्या टाळ्या घुमल्या. रीतच तशी: माफीचा दात घेतला की तंटा मिटला. पुन्हा त्याचा उच्चारही करायचा नाही.

टिटिलिया बघतच राहिली. काय चुकलं होतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

ती चहा करायला आत गेली, तशी केलेरा मागोमाग आली.

“टिली, वर्ग कोणी सुरू केला असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, मी.”

कपात पडणारी चहाची धार थांबली.

“आणि?”

“माझं नाव काल पक्कं झालं.”

“मग काल का नाही बोललीस?”

केलेराने दारातून चटईकडे पाहिलं.

“काल बोलले असते, तर तू सरांकडे गेली असतीस.”

“अहो, चहाला मळ्यातून पानं आणायला गेली की काय लेक?” बाहेर काकांनी थट्टा केली. बाबा खळखळून हसले. टिटिलियाने तबक उचललं, सगळ्यांना चहा दिला. केलेरालाही.

पाहुणे गेल्यावर बाबा दात उजेडात धरून न्याहाळत बसले.

“एवढी माणसं चालून आली, केवढा मान केला आपला! झालं होतं तरी काय गं?”

तिचे ओठ उघडले. बाबांच्या चेहऱ्यावरचा आनंद तिने पाहिला.

“खेळावरून होतं, बाबा.”

“घ्या! डॉक्टर झाल्या, तरी लहानच्या लहान.” हसता हसता त्यांनी तिला जवळ बोलावलं. “ये, धरून बघ. चांगला जड आहे.”

तिने दोन्ही हात पुढे केले.