कुणाचं रान मोकळं

उज्ज्वलाच्या प्रोग्रॅममधलं 'उघडा' हे बटण युसूफ वडगावात तिच्या घरच्या लॅपटॉपवर चालायचं आणि धारूरात चालायचं नाही. गोष्ट एवढीशीच, पण तिचं गावात राहणं या एवढ्याशा गोष्टीवर ठरणार होतं.

धारूरच्या मेंढपाळांनी मिळून कंपनी काढली होती. सगळ्या कळपांचे लशींचे दाखले, जनावरांचे फोटो, तक्ते त्यांना एका प्रोग्रॅममध्ये हवे होते. कळपाचं नाव शोधायचं, 'उघडा' दाबायचं, कागद समोर. अध्यक्ष तात्याबा म्हणाले होते, "जमलं तर पुढचं समदं काम तुजं. घरी बसून कर." न जमलं तर पुण्याच्या एका कॉल सेंटरचं पत्र येऊन पडलेलंच होतं. तिला तिथं जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं.

पण पहिल्याच घासाला खडा लागला. कचेरीतल्या विंडोजवर बटण दाबलं, काही नाही. जनावरांच्या डॉक्टर ईश्वरी मॅडमच्या मॅकवर काही नाही. कंपनीच्या तेलगावच्या केंद्रात तर तिच्या लॅपटॉपसारखंच लिनक्स, तरी ढिम्म. उज्ज्वलाबाईंनी फाईल उघडायला आपल्याच लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमची नावं लिहून ठेवली होती, आणि घरी बसून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या.

"आठ दिस देतो पोरी," तात्याबा म्हणाले. "मग आमाला दुसरं कुणी बघावं लागंल."

घरी येऊन ती यादी करायला बसली. कोणत्या यंत्रावर कोणती फाईल कोणता प्रोग्रॅम उघडतो, सगळं लिहून काढायचं. तीन दिवसांत चाळीस ओळी झाल्या. चौथ्या दिवशी तेलगावचं केंद्र सांभाळणाऱ्या सिद्धारामचा फोन आला: त्यानं फोटो बघायचा जुना प्रोग्रॅम काढून नवा टाकला होता. यादी लागू व्हायच्या आधीच शिळी झाली.

तिची आई साखराबाई शेजारीच कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. "कावून कपाळ धरून बसलीस?"

उज्ज्वलानं यादीचं रडगाणं सांगितलं. साखराबाई हसली, जरा जास्तच हसली.

"बापावर गेलीस. त्यानं बी वही केलती. कोन्त्या गावात कुणाच्या रानात मेंढ्या बसवायच्या, समदं लिहून." कळप रात्रभर शेतात बसला की रानाला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य, म्हणून दर मुक्कामाला रान शोधावं लागतं. "गेलो वही घिऊन, तर एकानं ऊस लावलेला, एकानं रान इकलेलं, एक तर मरून गेल्याला. दीडशे मेंढ्या घिऊन उन्हात उभी मी."

"मग?"

"मग काय. पारावर गेले, इचारलं, कुणाचं रान मोकळं हाय? गावाला ठावं असतंय की. वही कशाला लागती?"

उज्ज्वलानं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. तिला राग आला, तो स्वतःचाच. माणूस फाईलवर दोनदा टिचकी मारतो तेव्हा यंत्र बरोबर प्रोग्रॅम काढतंच ना? कोणती फाईल कशात उघडायची हे प्रत्येक यंत्राला ठाऊक असतं. आणि ती मात्र यंत्राला त्याच्याच घरातली भांडी कुठं ठेवलीत ते सांगत बसली होती.

तिनं चाळीसच्या चाळीस ओळी पुसल्या. नव्या फंक्शननं एवढंच करायचं: यंत्र विंडोज, मॅक की लिनक्स ते बघायचं आणि फाईल त्याच्या हवाली करून सांगायचं, तुझ्या पद्धतीनं उघड. सांगायची रीत तिघांची वेगळी, म्हणून वाटा तीन. सगळं मिळून पंधरा ओळींत बसलं.

"माय, गावात कुणाचंच रान मोकळं नसलं तर?"

"तर मागनं येणाऱ्या कळपवाल्यांना तसं सांगायचं. आपुन गप बसलो तर समदे खोळंबत्यात."

तेवढी एक ओळ तिनं वाढवली.

आठव्या दिवशी धारूरात विंडोजवर दाखला उघडला. ईश्वरी मॅडमच्या मॅकवरही उघडला. मग तात्याबांच्या जीपमधून सगळे तेलगावला गेले. तिथं फोटो उघडला, दाखला उघडला. तक्त्यावर दाबलं, आणि पडद्यावर ओळ आली: 'ही फाईल उघडणारा प्रोग्रॅम या संगणकावर नाही. फाईल कळपाच्या फोल्डरमध्ये सुखरूप आहे.'

उज्ज्वलानं मनाशी म्हटलं, झालं, आता पुणे.

तात्याबांनी चष्मा लावला, बोट फिरवत ओळ वाचली, परत वाचली. सिद्धारामकडे वळून विचारलं, "खरं हाय का हे?"

"हाय," सिद्धाराम म्हणाला. "तक्त्याचा प्रोग्रॅम टाकायचा ऱ्हायलाय."

"मागल्या खेपेला नुस्तं ढिम्म व्हतं. चूक कुणाची, तेच कळंना. आता न्हाई तर न्हाई, तोंडावर सांगतंय." तात्याबांनी चष्मा काढला. "असं माणूस मिळंना, यंत्र मिळालं. पोरी, सोमवारपासून लाग कामाला."

केंद्राच्या पायरीवर उभ्या उभ्याच तिनं पुण्याला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाईंनी कारण विचारलं. उज्ज्वलाला हसू आवरेना.

"मला गावात काम लागलंय," ती म्हणाली.